आतली माया

"सहा वर्षं तरी टिकायला पाहिजे," असं धाकटी म्हणाली आणि आमच्या ताटांवर एकदम शांतता पसरली.

आमच्याकडं जेवण दिवस मावळायच्या आत होतं. त्यामुळं घरातले मोठे विषय संध्याकाळच्या उन्हातच निघतात. त्या दिवशीचा विषय तसा साधा होता. तिला नवा कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा होता, गेम खेळायला. पैसे तिचेच. ऑफिसातल्या हिशेबाच्या नोकरीतून दोन वर्षं बाजूला ठेवलेले. तिला आमच्याकडून एक रुपया नको होता, नुसती मान हलवायला हवी होती.

पण "सहा वर्षं" हा आकडा ह्यांच्या घशात अडकला. मुलगी तेवीस वर्षांची. स्थळं यायला लागलेली. सहा वर्षं टिकणारी वस्तू ती आज घरात आणणार, तर ती वस्तू कुणाच्या घरात टिकायची? हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत एवढंच म्हणाले, "त्यापेक्षा एक चेन कर. सोनं टिकतं."

ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली. मी दोघांच्या मध्ये बसलेली. आईची जागा बहुतेक तिथंच असते.

मी शिवणकाम करते. फार मोठं नाही, गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, मुलींचे फ्रॉक. शिवणात एक शब्द आहे, माया. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. माया सोडली नाही तर ब्लाउज वर्षात वाया जातो. आणि फार सोडली तर आत बोचका होतो, बाहेरून बसत नाही. किती सोडायची हे बोटांना कळायला मला दहा वर्षं लागली. टिकाऊ वस्तू म्हणजे काय, हे मला एवढ्या एका शब्दातूनच समजतं. म्हणून रात्री मी तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मला समजावून सांग. तुझ्या त्या कार्डात माया कुठं असते?"

ती हसली. मग दोन तास सांगत बसली.

तिला खेळायचा आहे तो विमानाचा खेळ. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. त्याची नवी आवृत्ती २०२४च्या नोव्हेंबरात आली. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून सगळी पृथ्वी त्यात उभी केली आहे. सांबऱ्याचा आपला विमानतळही त्यात आहे, तिथून उडता येतं. आता ही मुलगी खऱ्या विमानात अजून एकदाही बसलेली नाही. मीही नाही.

हा खेळ चालवायला कॉम्प्युटर कसा लागतो, त्याची तीन खान्यांची यादी कंपनीनं दिलेली असते. पहिला खाना किमान, दुसरा शिफारस केलेला, तिसरा आदर्श. मला तर ती स्थळांच्या माहितीपत्रकासारखीच वाटली. ग्राफिक्स कार्डाची मेमरी किमान ४ जीबी, शिफारस ८ जीबी आणि आदर्श १२ जीबी. आमच्या घरातल्या जुन्या कार्डाची २ जीबी. म्हणजे किमान खान्यातसुद्धा आमचा नंबर नाही.

त्या जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायला हवी. ती आमच्या घरातली महागात पडलेली शिकवणी आहे.

२०१४ साली थोरल्यानं तो जुळवला. तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता. त्यानं जीटीएक्स ७६० नावाचं कार्ड घेतलं आणि सगळ्यांना एक बेत सांगितला. आत्ता एक कार्ड, दोन वर्षांनी तसलंच दुसरं. दोन कार्डं जोडून एकाचं काम दोघांत वाटायची सोय तेव्हा होती, तिला एसएलआय म्हणत. त्या दुसऱ्या कार्डासाठी म्हणून त्यानं दोन लांब खाचांचा मदरबोर्ड घेतला, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय घेतला, मोठं कपाट वाटावं असा कॅबिनेट घेतला. येणाऱ्या पाहुण्यासाठी आधीच खोली बांधून ठेवली म्हणा ना.

पाहुणा आलाच नाही. दोन वर्षांनी पैसे जमले तोवर तसलं कार्ड दुकानातून गेलेलं. आणि तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट कळली. दोन कार्डं जोडली तरी खेळासाठी मेमरीची बेरीज होत नाही. जे चित्र काढायचं त्याचं सगळं सामान दोन्ही कार्डांना आपापल्याकडं ठेवावं लागतं. दोन आणि दोन मिळून दोनच. शिवाय प्रत्येक खेळानं ही जोडी चालवून घ्यावी लागते, नाहीतर दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. त्याच वर्षी नवीन आलेल्या जीटीएक्स १०६०ला ही जोडायची सोयच ठेवलेली नव्हती. पुढं २०२१पासून एनव्हिडियानं या जोडीसाठी नव्या खेळांची तयारी करून देणंही थांबवलं. थोरला लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. कॉम्प्युटर बहिणीकडं आला. आमच्या घरात थोरल्याच्या सगळ्या वस्तू तशाच तिच्याकडं येत गेल्या, सायकल, दप्तर, टेबल. मी दर दिवाळीला तो डबा उघडून पुसते, तेव्हा ती रिकामी खाच दिसते. अकरा वर्षं तिनं धूळच खाल्ली.

मी म्हटलं, "म्हणजे दादानं माया जास्त सोडली."

"नाही आई. त्यानं माया सोडली नाही, त्यानं दुसऱ्या ब्लाउजचं कापड आधीच शिलाईत कोंबलं."

मुलगी माझीच आहे, हे अशा वेळी कळतं.

पण मला माझं शिलाई मशीन आठवलं. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेलं, पायानं चालवायचं. तेव्हा मोटर घ्यायला पैसे नव्हते. "मोटर नंतर बसव," ते म्हणाले होते. मी बारा वर्षांनी बसवली, आणि बिनतक्रार बसली, कारण ती जोडायची जागा ठरलेली असते आणि बाजारात ती केव्हाही मिळते. म्हणजे 'नंतर बघू' हे म्हणणंच वाईट, असं नव्हे. काय नंतरवर टाकायचं, एवढं कळायला हवं. जी वस्तू उद्याही चारचौघांकडं मिळेल ती उद्यावर टाकावी. जी आजच्या आजच मिळते, ती आजच नीट घ्यावी.

हे तिला सांगितलं, तर तिनं लगेच वही काढून दोन रकाने केले. नंतर चालेल: कॉम्प्युटरची साधी मेमरी, साठवणुकीची डिस्क, नवा मॉनिटर. नंतर चालणार नाही: ग्राफिक्स कार्डावरची मेमरी, कारण ती कार्डावरच कायमची जडवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही.

मग मला कार्डाचं काम समजावून घ्यायचं होतं. ते मी माझ्या परीनं असं समजले. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आमच्या जुन्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यात रंग भरायचा, आणि एका सेकंदात अशा साठ रांगोळ्या काढून पुसायच्या. हे काम कार्डाचं. फोर-के पडदा घेतला तर ठिपके ८२,९४,४००. बरोबर चौपट. म्हणजे कार्ड किती वर्षं पुरेल, हे कार्ड जितकं ठरवतं तितकंच आपण त्याच्यापुढं केवढं अंगण मांडतो तेही ठरवतं. धाकटीला फोर-केचा मोह होता. तो तिनं त्या रात्री स्वतःच्या हातानं खोडला. जुना मॉनिटर चांगला आहे, तोच राहू दे म्हणाली.

आणि मेमरी म्हणजे ओटा. फुलके लाटताना तूप, पीठ, डबा हाताशी असलं की काम भराभर होतं. ओटा लहान असला की तूप कोठीच्या खोलीत, आणि प्रत्येक फुलक्याला उठून आत जायचं. कार्डाचंही तेच. डोंगर, झाडं, घरांच्या भिंती यांची चित्रं त्याच्या मेमरीत मावली नाहीत, की ती कॉम्प्युटरच्या साध्या मेमरीतून आणावी लागतात. वाट लांबची. मग उडतं विमान मध्येच गचके खातं. कार्ड कितीही चपळ असू दे, ओटा लहान तर लहानच. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही खेळाची यंत्रं २०२०च्या नोव्हेंबरात आली, त्यांत १६ जीबी मेमरी आहे, सगळ्या कामांना मिळून. खेळ करणारे त्या मापानं खेळ करायला लागले. त्यामुळं आठ जीबीचं कार्ड काही नव्या खेळांना आताच अपुरं पडतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी टिळकवाडीकडच्या एका दुकानात गेलो. हे आले नाहीत. "तुम्ही जाऊन या," एवढंच म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हे मी पदराला बांधलं.

दुकानातला मुलगा थोरल्याच्या वयाचा. त्यानं आधी माझ्याकडंच बघून बोलायला सुरुवात केली. "काकू, एकदाच मोठं घ्या. दहा वर्षं बघायला नको." किंमत लाखाच्या वर. मला त्याचं पटत होतं. आमच्या पिढीची खरेदी अशीच. एकदाच घ्या, भक्कम घ्या.

धाकटी म्हणाली, "जीटीएक्स १०८० टीआय कधी आलं?"

"२०१७."

"तेव्हाचं अगदी वरचं कार्ड. मेमरी ११ जीबी. आजही ती पुरेशी आहे. पण २०२४च्या डिसेंबरात इंडियाना जोन्सचा खेळ आला, तो त्याच्यावर धड चालतो काय?"

मुलगा हसला. "नाही चालत. रे ट्रेसिंग नाही त्यात."

मला बाहेर आल्यावर तिनं समजावलं. प्रकाशाचा किरण कुठून येतो, कशावर आपटतो, ते मोजून सावली काढायची नवी रीत निघाली. तिच्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग लागतो. २०१७च्या कार्डात तो नाही, आणि काही नव्या खेळांना आता तो असल्याशिवाय भागत नाही. मेमरीची माया भरपूर होती, पण फॅशनच बदलली. आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर २०२५च्या ऑक्टोबरनंतर बंद, असं कंपनीनं जाहीर केलं. साडेआठ वर्षं कमी नव्हेत. पण दुप्पट पैसे दिले म्हणून आयुष्य दुप्पट होत नाही. २०२३ साली आलेलं साध्या किमतीचं ४०६० त्याच्या बरोबरीला येऊन बसलं. म्हणून दहा वर्षांचा विचार करून लाख घालण्यापेक्षा पाच-सहा वर्षांचं माप घ्यावं आणि उरलेले पैसे पुढच्या कार्डाला ठेवावेत, हा तिचा हिशेब. हिशेबाच्या नोकरीचा फायदा दिसत होता.

मग मुलानं उलट टोक दाखवलं. आठ जीबीचं आरटीएक्स ५०६०. किंमत बघून माझं मन तिकडं झुकलं. मी विचारलं, "आज तिचा खेळ चालेल?" चालेल म्हणाला. "आणि चार वर्षांनी?" तो डोकं खाजवायला लागला. पोरगा प्रामाणिक होता.

आणखी एक गंमत तिथं बघितली. ५०६० टीआय नावाचं एक कार्ड आहे, ते ८ जीबीचंही मिळतं आणि १६ जीबीचंही. नाव तेच, चिप तीच, खोकंही सारखंच. ब्लाउजपीस असलेली साडी आणि नसलेली साडी घडीवर सारखीच दिसते तसं. बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत, हे तिथंही खरं.

शेवटी दोघांचं एकमत झालं ते आरएक्स ९०६० एक्सटी या कार्डावर, १६ जीबीचं. चाळीस हजारांच्या आसपास. फार वरचं नाही, फार खालचं नाही. वीजही १६० वॅटच्या घरात, त्यामुळं पॉवर सप्लाय मध्यम चालतो. जुना ७५० वॅटचा वापरू या, असं मी म्हटलं, वाया कशाला घालवायचा. मुलानं हात जोडले. "काकू, अकरा वर्षं झाली. आतले कपॅसिटर म्हातारे झाले असतील. चाळीस हजारांच्या वस्तूला त्याच्या भरवशावर ठेवू नका." मग ६५० वॅटचा नवा, चांगल्या घराण्यातला घेतला. शिवाय एक यूपीएस. आमच्या बेळगावात पावसाळ्यात दिव्यांचा भरवसा नसतो.

कॅबिनेटपाशी मात्र ती अडून बसली. तिला लहानच हवा होता. मुलगा म्हणे, "ताई, मोठ्यात हवा बरी खेळते. पुढं काही वाढवायला जागा राहते." ती म्हणाली, "नको. मला उचलून नेता आला पाहिजे."

"कुठं?" मी विचारलं.

"जिथं जाईन तिथं."

इतक्या सहज म्हणाली, की मला एकदम उत्तर सुचलं नाही. तिकडं जेवताना "सहा वर्षं" ऐकून आम्ही दोघं घाबरलो होतो. आम्हाला वाटलं, ही जाणारच नाही असं म्हणते आहे. ती तर जायचं गृहीत धरूनच सामान बांधत होती. कुठं जाईल, कुणाबरोबर, की नोकरीसाठी एकटीच, ते तिलाही अजून माहीत नसावं. पण जाताना काय आपलं असेल, ते तिनं ठरवलं होतं.

कार्ड लहान कॅबिनेटात मावेल का, याचा मुलाला अंदाज येईना. खोक्यावर लांबी मिलिमीटरमध्ये, कॅबिनेटच्या कागदावरचं अक्षर पुसलेलं. मी पर्समधून टेप काढली. शिवणाची टेप माझ्या पर्समध्ये कायम असते. कॅबिनेट उघडायला लावला, मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत माप घेतलं, मग कार्डाचं घेतलं. दोन बोटं जागा उरत होती. वायर वळायला आणि वारा जायला तेवढी पुरते म्हणाला. "बसतंय," मी म्हटलं. तो मुलगा टेपकडं बघतच राहिला.

बिल करताना त्यानं पेन उचलून विचारलं, "नाव साहेबांचं घालू?"

"नाही," मी म्हटलं. "तिचं घाला. पूर्ण नाव."

घरी आणल्यावर जुळवायला एक रविवार गेला. संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं सांबऱ्याहून विमान उडवलं. आधी धावपट्टी, मग शेतं, मग लाल माती, मग किल्ल्याचा खंदक ओळखू आला. मी मागं उभी. थोड्या वेळानं दाराशी चाहूल लागली. हे चष्मा पुसत उभे होते.

"आपल्या गल्लीवरनं नेता येतं काय?"

"येतं की, बाबा."

तिनं विमान वळवलं. घरं खरी नव्हती, सगळ्या पेठेवर सारखीच कौलं आणि सारख्याच भिंती. आमचं घर काही ओळखू आलं नाही. तरी हे खुर्ची ओढून बसले आणि बोट दाखवत राहिले, "इथं असणार. नाही, ते पलीकडचं." विमान दोनदा फिरून आलं. एकदाही गचका बसला नाही. चेनेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढं निघणारच नाही असं मी म्हणत नाही.

रात्री बिल आणि तीन वर्षांच्या वॉरंटीचे कागद ठेवायला मी घरची फाइल काढली. फ्रिज, मिक्सर, गिझर, सगळी बिलं ह्यांच्या नावाची. जुन्या कॉम्प्युटरचं बिलही ह्यांच्याच नावाचं. सगळ्यात खाली पिवळी पडलेली एक पावती आहे, माझ्या शिलाई मशीनची. तीस वर्षांहून जास्त ते मशीन मी चालवते, पट्टा बदलला, मोटर बसवली, त्यावर मुलांच्या फिया भरल्या. पावतीवर नाव माझ्या वडिलांचं आहे.

धाकटीचे कागद मी त्या फाइलीत घातले नाहीत. कपाटात एक नवी फाइल होती. तिच्यावर तिचं नाव लिहिलं, कागद आत ठेवले, आणि फाइल तिच्या टेबलाच्या खणात ठेवून आले. आत अजून बरीच जागा आहे.